राजारामला ४३ फूट, मग आमच्या दारात किती?

पावसाळा तोंडावर आला की नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात दिली आहेत.

प्रश्न : पावसाळ्यात रोज मोबाईलवर येतं, ‘राजाराम बंधारा ४१ फूट ५ इंच’. इशारा ३९ ला, धोका ४३ ला, हे पाठ झालंय. पण आमच्या घराला पाणी कधी लागणार, हे त्यावरून कसं ओळखायचं? (चिखली, ता. करवीर)

नुसत्या त्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही. ३९ आणि ४३ हे आकडे कोल्हापूरजवळ कसबा बावड्याला पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. त्या पट्टीचं शून्य तिथल्यापुरतं ठरवलेलं आहे. ४३ फूट म्हणजे नदीची खोली नव्हे आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नव्हे. शिवाय नदीचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो. चिखली बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे तुमच्याकडचं पाणी बावड्यातल्या पाण्यापेक्षा उंचावरच असणार. म्हणून राजारामची पट्टी नळीने मोजत गावापर्यंत आणण्यात अर्थ नाही. राजारामच्या आकड्याशी तुमच्या गावातल्या खुणेची जोडी लावावी लागते.

जोडी लावायला जुन्या महापुरांची मदत होते. २०१९ ला राजारामची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि २०२१ ला ५६ फुटांच्या वर. गावात अनेक भिंतींवर या दोन्ही पुरांचे मातकट पट्टे अजून दिसतात. रंगकाम होण्याआधी तिथे खिळा मारून ठेवा. समजा, २०२१ चा पट्टा तुमच्या ओट्यापासून ८ फूट उंच आहे. मग राजारामला साधारण ४८ फूट झालं की पाणी ओट्याला लागेल. हा पहिला अंदाज झाला. प्रत्येक पुरात उतार बदलतो, म्हणून त्यातून एक फूट कमी करा आणि ४७ धरून चाला. एका घरावरची खूण दुसऱ्या घरापर्यंत न्यायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. मात्र नळीत बुडबुडा राहता कामा नये. टप्प्याटप्प्याने पुढे गेल्यावर परत पहिल्या खुणेपर्यंत मोजत या. एक इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर सगळं मोजमाप पुन्हा करा.

पुढचं काम पावसाळ्यातलं. देवळाचा चौथरा किंवा पुलाचा खांब अशा पक्क्या जागेवर ऑइलपेंटने पट्टी रंगवा, इंचाइंचाला रेघ आणि फुटाला लाल आकडा. काठावर रोवलेला बांबू कलतो, म्हणून तो नको. विजेचा खांब तर अजिबात नको. पाणी ज्या बाजूने आदळतं तिथे ते फुगून उभं राहतं आणि पातळी जास्त दिसते, त्यामुळे पट्टी खांबाच्या आडोशाच्या बाजूला असावी. लाटा असतील तर वरची आणि खालची रेघ बघून मधला आकडा घ्या. वहीत तारीख, वेळ, गावची पट्टी आणि त्याच तासाची राजारामची पातळी असे चार रकाने करा. दोन-तीन पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. आमच्या मते कुठल्याही ॲपपेक्षा ही वही जास्त कामाची.

आकडा वाचताना एक चूक हटकून होते. ४१.५ फूट म्हणजे ४१ फूट ५ इंच नव्हे, ४१ फूट ६ इंच. पूर्णांकाच्या पुढे टिंब आहे की इंचाची खूण, ते आधी बघा. आणि नुसत्या पातळीपेक्षा ती किती वेगाने चढते ते महत्त्वाचं. तासाला ३ इंच चढत असेल तर ३९ वरून ४३ ला, म्हणजे ४८ इंच चढायला १६ तास लागतात. पाणी शिवारात पसरलं की हा वेग मंदावतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण गगनबावडा आणि राधानगरीकडे पाऊस कोसळत असेल तर मागून दुसरा लोंढा येतच असतो.

शेवटचं म्हणजे, जनावरं हलवायची वेळ ओट्यावरून ठरवू नका. ती रस्त्यावरून ठरवा. तुमच्याकडे रेडेडोह फुटला, म्हणजे त्या जागी नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की रत्नागिरी रस्ता धोक्यात येतो, तेव्हा ओटा कोरडाच असतो. रस्त्याच्या सगळ्यात सखल जागेची खूण तक्त्यात पहिल्या ओळीत लिहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हैस चढवायला लागणारा वेळ, वैरणीच्या खेपा आणि रात्रीचा अंधार धरून त्या खुणेच्या बरंच आधी निघा.

प्रश्न : राजारामचं पाणी उतरायला लागतं, तरी आमच्याकडे दोन-दोन दिवस चढतच राहतं. असं का? (कुरुंदवाड परिसर, ता. शिरोळ)

कारण तुमच्याकडे हिशेब दोन नद्यांचा आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा उंच असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. हाच फुगवटा. संगमापाशी खालचं पाणी जेवढं वर, तेवढा पंचगंगेचा उतार कमी आणि वेगही कमी. त्यामुळे एकाच पातळीला विसर्ग वेगवेगळा असू शकतो. पाणी चढताना जेवढ्या पातळीला जेवढं पाणी वाहून जातं, उतरताना त्याच पातळीला त्याहून कमी जातं. ‘पाणी इंचाइंचाने उतरतंय’ याचं कारण हेच.

म्हणून शिरोळ तालुक्यात राजारामचा एकच आकडा बघून चालत नाही. तुमच्या वहीत आणखी रकाने हवेत : सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी (तिथे इशारा ४० फूट, धोका ४५ फूट), कोयना आणि वारणा धरणांचा विसर्ग, आणि नृसिंहवाडी किंवा तेरवाडची पातळी. आयर्विन चढतंय आणि राजाराम उतरतंय, असं दिसलं तर तुमचा पूर अजून संपलेला नाही.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाबद्दलही बऱ्याच पत्रांतून विचारलं आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. त्यावरून दोन राज्यांत चाललेला वाद जुना आहे आणि तो या सदरात मिटणार नाही. आपल्या कामापुरतं आवक आणि जावक रोज शेजारी शेजारी लिहा. आवक जास्त आणि जावक कमी, तर तिथली पातळी चढते आहे. हिप्परगी बंधाऱ्याचंही तसंच.

प्रश्न : ‘राधानगरीचे पाच दरवाजे उघडले’ असा मेसेज आला की गावात पळापळ होते. त्याने नेमकं किती पाणी येतं? (ता. करवीर)

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. रात्री दोन वाजता कुणी बटण दाबत बसलेलं नसतं. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), म्हणजे पाचांतून ७१४० क्युसेक. वीजगृहाचे साधारण दीड हजार त्यात मिळवा. तुलनेसाठी सांगायचं तर ११,५७४ क्युसेक सलग २४ तास वाहिलं की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. म्हणजे पाच दरवाजे दिवसभर उघडे राहिले तरी पाऊण टीएमसीच्या आसपास पाणी येतं. पंचगंगेत भोगावतीबरोबर कासारी, कुंभी आणि तुळशीही येतात, आणि धरणांच्या खालच्या मोकळ्या रानात पडणाऱ्या पावसावर कुठलाच दरवाजा नाही. दरवाजांची बातमी म्हणजे ‘धरण भरलंय, आता पडेल तेवढं खाली येणार’ एवढाच अर्थ घ्या. पळापळ राजारामच्या चढत्या आकड्यावर करा.

प्रश्न : नदीवरची ७.५ एचपीची मोटर पुरात बुडाली. चार दिवस उन्हात ठेवली, वरून कोरडी दिसते. चालू करू का? (ता. हातकणंगले)

नको. बाहेरून वाळलेली मोटर आतून ओली असते. गाळाबरोबर ओल वाइंडिंगच्या खाचांत शिरते आणि वीज दिली की तिथेच शॉर्ट होऊन वाइंडिंग जळतं. दुरुस्तीच्या दुकानात ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध तपासून घ्या. तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, भट्टीत किंवा बल्बच्या मंद उष्णतेवर सुकवायची आणि परत मोजायची. बेअरिंगमध्ये गाळ गेलेलाच असतो, त्यामुळे जुनं ग्रीस काढून भागत नाही, बेअरिंगच बदला. पाण्याने भरलेली सबमर्सिबल असेल तर आतलं गढूळ पाणी काढून स्वच्छ पाणी भरा.

स्टार्टर स्वतंत्र तपासावा लागतो. मोटर चांगली आणि स्टार्टरचे पॉइंट गाळाने माखलेले, यात एक फेज तुटतो आणि दुरुस्त करून आणलेली मोटर त्याच दिवशी जळते. फूट व्हॉल्व्हमधला गाळही काढा, नाहीतर पंप पाणी धरत नाही. बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरला आणि खाली आलेल्या तारांना महावितरणच्या माणसांशिवाय कुणी हात लावायचा नाही, भले आठवडा लागो.

पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधी तिन्ही वायरींना रंगीत टेप लावा आणि मोबाईलवर फोटो काढा. घाईत फेज उलटे जोडले की मोटर उलटी फिरते, पाणी कमी येतं आणि दोष पंपावर जातो. मोटर काढायची पातळीही वहीत लिहून ठेवा. चेन पुली लावून मोटर वर घेईपर्यंत उतरायची वाट पाण्याखाली गेलेली असते.

प्रश्न : पुराचं पाणी विहिरीत गेलं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? ग्रामपंचायतीत कुणी मूठभर सांगतं, कुणी किलोभर. (ता. शिरोळ)

विहिरीत पाणी किती आहे ते मोजल्याशिवाय हे सांगता येत नाही. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा आणि चारने भागा. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल लागते. पुरानंतर दुप्पट धरा, म्हणजे या विहिरीला १४० ग्रॅम.

पण आधी उपसा. गाळ आणि कुजका पालापाचोळा तसाच ठेवून टाकलेला क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतो. उपशानंतर नवं पाणी आलं की बादलीत पावडरीची पेस्ट करा, पाणी भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली बसलेला चुना टाकून द्या, वरचं निवळ पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने विहिरीत सोडा आणि बादली वरखाली करून पाणी घुसळा. तासाभराने ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघा. पिवळा रंग आला नाही तर अर्धी मात्रा पुन्हा द्या आणि पुन्हा तासाभराने तपासा. रंग येईपर्यंत ते पाणी पिऊ नका. आल्यावरही काही दिवस उकळूनच प्या.

दोन-तीनदा करूनही रंग येत नसेल तर पावडर बघा. पावसाळी हवेत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली टीसीएल गठ्ठा होते आणि तिचा उग्र वास जातो. मग तिच्यात चुन्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

प्रश्न : नदीकाठच्या मळीतला ऊस आठ दिवस पाण्याखाली होता. ठेवू की काढू? (ता. करवीर)

शेंडा पाण्याच्या वर होता की खाली, यावर सगळं अवलंबून आहे. रानात पाच-सहा ठिकाणचे ऊस घेऊन शेंडा उभा चिरा. आतला कोंब पांढरा आणि टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तांबूस, मऊ आणि आंबूस वासाचा असेल तर तो गेला. शेंडा मेलेल्या उसाला बाजूने पांगशा फुटतात आणि रान हिरवं दिसायला लागतं. या हिरवाईला भुलू नका, पांगशा कांडीतली साखर खाऊन वाढतात. असा ऊस गळिताला आला असेल तर लवकर तोड मिळण्यासाठी कारखान्याच्या शेती विभागाकडे लगेच नोंद करा.

कोंब जिवंत असेल तर चर काढून पाणी बाहेर काढा. वापसा येईपर्यंत रानात पाय घालू नका आणि खतही टाकू नका. चिखलात मुळ्या गुदमरलेल्या असतात, टाकलेला युरिया वायाच जातो.

आणि फड मोकळा करायच्या आधी पंचनामा. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत मिळते, त्यामुळे चारही कोपऱ्यांतून तारीख, वेळ आणि लोकेशन उमटलेले फोटो काढा, चिरलेल्या शेंड्यांचेही. दुरून काढलेल्या फोटोत मेलेला ऊसही हिरवाच दिसतो.