टर्कीच्या ग्रेव्हीत गुठळ्या का होतात?

प्रश्न : नाताळला टर्की भाजली. ट्रेमधल्या गरम रसात मैदा टाकला तर गुठळ्या झाल्या, वर तेलाचा थर आला. काय चुकलं? – एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : मैदा थेट उकळत्या रसात पडला की पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच चिकट होतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. पिठल्याचं बेसन आपण आधी गार पाण्यात कालवतो ते याचसाठी.

रस उंच पेल्यात ओतून दहा मिनिटं ठेवा, चरबी वर येईल. सावजी रश्श्यावर तर्री शोभते, इथे नाही! चार टेबलचमचे चरबी कढईत घेऊन तेवढाच मैदा मंद आचेवर तीन-चार मिनिटं, बदामी होईस्तोवर परता. ट्रेमध्ये थोडं गरम पाणी घालून तळाची तपकिरी खरवड लाकडी चमच्यानं सोडवा. खरी चव तिच्यात असते. खरवड काळी असेल तर मात्र फेकाच, सगळं कडू होईल. हे पाणी, खालचा रस आणि स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) मिळून अर्धा लिटर करा. ते थोडं-थोडं ओतत रवीनं घोटा, पाच मिनिटं उकळू द्या. मीठ शेवटी, चाखूनच. झालेल्या गुठळ्या गाळून काढा.