पाण्यातून निघालेली गाडी आणि 92 हजारांचं एस्टिमेट

मनीषनगरात राहणाऱ्या आणि बुटीबोरीला नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: दोन महिन्यांपूर्वी नागपुरातल्याच एका डीलरकडून 2018 ची गाडी 4 लाख 60 हजारांना घेतली. त्यातले 1 लाख 60 हजार स्वतःचे, 3 लाख बँकेचे, 14 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. आता गाडी चालता चालता बंद पडते आणि मॅटखाली वाळलेला गाळ निघालाय. वर्कशॉपने 92 हजारांचं एस्टिमेट दिलं, शिवाय गाडीच्या जुन्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑक्टोबर 2023 ची ‘आत पाणी शिरले’ अशी नोंद दाखवली. डीलर म्हणतो, ‘3 लाख 60 हजारात परत घेतो, विषय संपवा.’ एफडी मोडून दुरुस्त करू, परत देऊ, की ग्राहक आयोगात जाऊ? आणि तोवर हप्ते थांबवू का?

भाऊ, हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे. गाडी खराब निघाली हे बँकेला सांगून उपयोग नाही, उलट क्रेडिट स्कोअर बिघडेल.

ऑक्टोबर 2023 वाचलं आणि लगेच 23 सप्टेंबरची ती पहाट आठवली. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, अंबाझरी लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीत गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील, तर नवल नाही. अशा गाडीचं दुखणं वायरिंगच्या जोडांत असतं. आज एक जोड बदलला, की चार महिन्यांनी दुसरा गंजून हिरवा पडतो. म्हणून 92 हजार हा शेवटचा खर्च आहे असं धरू नका. एफडी मोडून दुरुस्ती करायला माझा सरळ नकार आहे. आणि दुरुस्त केलीत की दोषाचा पुरावाही तुमच्याच पैशाने पुसला जाईल.

आता डीलरचा भाव. तुमचा हप्ता साधारण 10,250 रुपये. दोन भरून झाले, तरी मुद्दल जवळपास 2 लाख 86 हजार बाकी आहे. 3 लाख 60 हजार घेऊन कर्ज फेडलंत, तर हातात 74 हजार उरतील. त्यातूनही बँकेचं मुदतपूर्व फेडीचं शुल्क जाईल, ते विचारून घ्या. स्वतःचे 1 लाख 60 हजार घातले होते, म्हणजे निम्म्याहून जास्त गेले. पण एक जमेची बाजू आहे: उरलेल्या 34 हप्त्यांतलं सुमारे 62 हजारांचं व्याज वाचतं. त्यामुळे परत देण्याची कल्पना वाईट नाही, भाव वाईट आहे. मी 4 लाख 40 हजारांपासून बोलायला बसेन आणि 4 लाख 10 हजारांच्या खाली उतरणार नाही.

एवढं ताणता येईल, कारण तुमची बाजू कायद्याने मजबूत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वापरलेली गाडी वगळलेली नाही, आणि दोष लपवून विकणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरू शकते. ‘आहे त्या स्थितीत’ अशा कागदावर सही केली असली तरी माहीत असलेलं लपवण्याचा परवाना त्याने मिळत नाही. मोबदला, म्हणजे तुम्ही गाडीला दिलेली किंमत, 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. डीलर ‘मी तर नुसता मध्यस्थ’ म्हणेल. पैशाची पावती कुणाच्या नावाची आहे ते बघा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, तेही मागा. (हीच गाडी शेजाऱ्याकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता कठीण होता, दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं.)

एक कागद बहुतेक कुणी बघत नाही: गाडीसोबत आलेली जुनी विमा पॉलिसी. मालक तोच असताना 2024 च्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला असेल, तर आदल्या वर्षी क्लेम झालाय. सर्व्हिस रेकॉर्डला जोडून हे ठेवलंत, की डीलरचा आवाज खाली येईल. शिवाय वर्कशॉपकडून सहीशिक्क्याचा लेखी अहवाल, गाळाचे फोटो, जाहिरातीचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘शोरूम कंडिशन’चा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तो मेसेज डिलीट व्हायला वेळ लागत नाही.

थेट आयोगात जा असं मी म्हणत नाही, त्याचं कारण वेळ. तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात प्रकरणं लांबतात. दोन वर्षं गेली तर उभ्या गाडीसाठी तुम्ही 2 लाख 46 हजारांचे हप्ते भरलेले असतील. तेवढा ताण तुमच्या पगाराला झेपतो का, हे मला पत्रावरून कळत नाही. म्हणून आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग वकिलाकडून पंधरा दिवसांची नोटीस. त्या पंधरा दिवसांत आकडा 4 लाख 10 हजारांवर आला तर घ्या, पण लेखी, पैसे खात्यात आल्यावरच आरसी हस्तांतराच्या अर्जावर सही. नाही आला, तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन किंवा सिव्हिल लाइन्सला जिल्हा आयोगात जाऊन तक्रार दाखल करा. पूर्ण रक्कम, व्याज, भरपाई सगळं मागा.

तोवर गाडी उभी ठेवा आणि बुटीबोरीला कंपनीच्या बसने जा. वर्धा रोडवर मागून ट्रक असताना इंजिन बंद पडणं परवडणारं नाही.