सतारीची नखी आणि बुडापेस्टचा गिटारवादक

प्रश्न : ताई, 'सांताना' या अमेरिकन रॉक बँडच्या १९७० सालच्या 'अब्राक्सस' अल्बममधलं 'ब्लॅक मॅजिक वुमन' मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. शेवटी गिटार एकदम सुसाट सुटते, तो भाग गाबोर सॉबो नावाच्या एका हंगेरियन गिटारवादकाची रचना आहे, हे आत्ता कळलं. तो सतारही वाजवायचा म्हणे. त्याचा 'जाझ रागा' शोधून ऐकला, पण मन रमलं नाही. तुम्ही सतार शिकवता, म्हणून विचारतो : या माणसाला आपल्या संगीतातलं काही कळलं होतं, की ती नुसती हौस होती?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मन रमलं नाही यात तुमचा काही दोष नाही. 'जाझ रागा' १९६६ सालचं ध्वनिमुद्रण आहे. सतारीची अमेरिकेत लाट आलेली होती आणि सॉबोने आपल्याच गिटारच्या ध्वनिमुद्रणावर आपलीच सतार चढवली. मी तो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला आहे. नखीचा आघात ऐकू येतो, स्वच्छही आहे. पण आघातानंतर तार ओढून सूर पुढे न्यायचा असतो, ते तिथे नाही. ही मींड हाताला लागायला आमच्या विद्यार्थ्यांची वर्षं जातात. सॉबोने सतार हातात घेऊन फार दिवस झालेले नव्हते, आणि ते लपत नाही.

पण एवढ्यावरून त्याला बाजूला ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याची गिटार ऐका. सतारीवर त्याला जे जमलं नाही, ते त्याच्या गिटारमध्ये आधीपासूनच होतं.

इतर जाझ गिटारवादक त्या काळी विजेच्या गिटारवर गोल, मऊ सूर काढत. सॉबो मार्टिन कंपनीची साधी लाकडी गिटार घ्यायचा, तिला पिकअप (तारांची कंपनं विजेत उतरवणारं साधन) लावायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरसमोर ती घुमू द्यायचा. स्पीकरचा आवाज परत पिकअपमध्ये शिरून जी घूं उठते, सगळे टाळतात तो फीडबॅक त्याने सूर लांबवायला वापरला. एखादी तार मोकळी झंकारत ठेवायची आणि दुसऱ्या तारेवर स्वरावली फिरवायची. सतारीच्या कडेला मोकळ्या झंकारणाऱ्या आमच्या चिकारीच्या तारा दुसरं काय करतात? मिरजेत सतारीची जवारी लावून घ्यायला जाते तेव्हा कारागीर तारा जिच्यावरून जातात ती घोडी जराजराशी घासत एकच सूर कितीतरी वेळ ऐकत बसतात, त्यातला गुंजन पुरता खुलेपर्यंत. सॉबोची गिटार ऐकताना मला त्यांची आठवण होते, कारण त्यालाही सुराच्या मागे उरणाऱ्या नादाचीच ओढ होती.

ही ओढ त्याला सतारीमुळे लागली नाही. ड्रमवादक चिको हॅमिल्टनच्या बँडमध्ये असताना, १९६२ साली, त्याची 'लेडी गाबोर' नावाची रचना ध्वनिमुद्रित झाली. 'जाझ रागा'च्या चार वर्षं आधी. ती एकाच स्वराभोवती गुंगल्यासारखी फिरत राहते. पायपेटीवर षड्ज धरून कुणी सावकाश बढत करावी, तशी तिची चाल आहे. हे त्याच्याकडे कुठून आलं असेल? माझ्या समजुतीने बुडापेस्टहून. तिथल्या रोमा वादकांच्या बँडमध्ये सिम्बालोम असतं, आपल्या संतूरच्याच घराण्यातलं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य. एकाच सुरावर भराभर आघात करून तो थरथरत ठेवायची सॉबोची लकब मला थेट तिथली वाटते.

त्याचा जन्म ८ मार्च १९३६चा, बुडापेस्टचा. चौदाव्या वर्षी रॉय रॉजर्सचा काऊबॉय सिनेमा पाहून त्याने गिटार धरली. जाझ तो 'व्हॉईस ऑफ अमेरिका' रेडिओवर ऐकायचा. १९५६चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला त्या सुमारास त्याने देश सोडला, कॅलिफोर्नियात पोचला, मग बोस्टनच्या बर्कली संगीतशाळेत शिकला. १९६१ साली हॅमिल्टनने त्याला घेतलं. त्याच बँडमध्ये सॅक्सोफोनवर चार्ल्स लॉइड होता.

सांतानाने घेतली ती 'जिप्सी क्वीन' १९६६च्या 'स्पेलबाइंडर' अल्बममधली. बँडचा गिटारवादक कार्लोस सांताना याने सॉबोचं ऋण उघडपणे मानलं आहे. मूळ ध्वनिमुद्रण जरूर ऐका. त्यात हॅमिल्टनच्या ड्रमसोबत विली बोबो आणि व्हिक्टर पँटोहा हे दोन तालवादक आहेत, बासवर रॉन कार्टर आहे. इतका ताल भोवती असूनही गिटार कुठेही घाई करत नाही.

प्रश्न : एवढा मोठा वादक असेल, तर त्याचं नाव आपल्या कानावर का नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्याच्या गोष्टी इतरांच्या हातून गाजल्या. 'जिप्सी क्वीन' सांतानाची झाली. अमेरिकन गायक बॉबी वोमॅकने रचलेलं 'ब्रीझिन' पहिल्यांदा सॉबोने वाजवलं, १९७१ साली, वोमॅकलाच बरोबर घेऊन. पण जगाला ते ठाऊक झालं गिटारवादक जॉर्ज बेन्सनच्या १९७६च्या ध्वनिमुद्रणामुळे. याचं मला खरंच वाईट वाटतं. अमली पदार्थांच्या व्यसनानेही त्याचं फार नुकसान केलं. १९७४ साली तो मायदेशी जाऊन तिथल्या टेलिव्हिजनवर वाजवून आला. पुढेही जात-येत राहिला आणि २६ फेब्रुवारी १९८२ रोजी बुडापेस्टमध्येच वारला. वय अवघं ४५.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे, ड्रम शिकतो. जाझ फ्यूजन, म्हणजे जाझ आणि रॉकचा मिलाफ, ऐक असं सर सांगतात, पण ऐकताना नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं ते कळत नाही.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुलाही मी सॉबोकडेच पाठवणार. त्याची 'मिझराब' नावाची रचना आहे. सतारीच्या नखीचंच ते नाव. ती त्याने तीनदा ध्वनिमुद्रित केली आणि तिन्ही वेळा ड्रमवर वेगळी माणसं होती. वादक बदलला की तीच रचना कशी बदलते, हे तुला त्यात मिळेल.

पहिली १९६६ची, 'जाझ रागा'मधली. ड्रमवर बर्नार्ड पर्डी. हा नाचायला लावणाऱ्या ठेक्यांचा माणूस. त्याच्या स्नेअरवर (पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर) मोठ्या ठोक्यांच्या मध्ये अगदी हलके, जेमतेम ऐकू येतील असे ठोके पडतात, ते हेडफोन लावून शोध.

दुसरी १९६७च्या एप्रिलमधली, बोस्टनच्या जाझ वर्कशॉप या क्लबमध्ये श्रोत्यांसमोर वाजवलेली, 'द सॉर्सरर' अल्बममधली. तिघींत मला हीच सर्वांत प्रिय. सतार नाही, दोन गिटार आहेत : सॉबो आणि जिमी स्ट्युअर्ट. बासवर लुई कबोक, तोही हंगेरियनच. ड्रमवर मार्टी मोरेल, जो पुढच्याच वर्षी पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटात गेला आणि तिथे बरीच वर्षं टिकला. दोन गिटार एकमेकींना उत्तरं देत असताना मोरेल काय वाजवत नाही, ते ऐक. हॅल गॉर्डन सोबत तालवाद्यं वाजवतो आहे, त्यालाही जागा उरते.

तिसरी १९७२ची, 'मिझराब' नावाच्याच अल्बममधली. या अल्बमसाठी जॅक डीजॉनेट आणि बिली कॉबम असे दोघे ड्रमवादक बोलावले होते. कॉबम तेव्हा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्यूजन बँडमध्ये वाजवत होता. बॉब जेम्सच्या संगीतसंयोजनामुळे इथला आवाज भरगच्च आहे, सर ज्याला फ्यूजन म्हणतात त्याच्या अगदी जवळचा.

तिन्ही एका दिवसात ऐकू नकोस. बोस्टनची आधी ऐक. दुसऱ्यांदा ऐकताना काठ्या हातात घे, पॅडवर फक्त राइडची (मोठ्या झांजेची) चाल धर आणि गिटार थांबेल तिथे तूही थांब. ते जमल्यावर पर्डीकडे वळ. त्याचे हलके ठोके मेट्रोनोम निम्म्या लयीवर ठेवून बसव, डाव्या हाताची काठी ड्रमपासून दोन बोटांपेक्षा वर उचलायची नाही.