बोअर एका रात्रीत, मग तेलविहिरीला महिना का?

प्रश्न : आमच्या शेतात ३०० फुटांचा बोअर एका रात्रीत मारून झाला. तेलाच्या ३ हजार मीटर विहिरीला मात्र महिना-दीड महिना लागतो म्हणे. एवढी मोठी यंत्रं असून असं का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : खडक कापण्यातच सगळा वेळ जातो असं नाही. मऊ खडकात चांगलं बिट (पाइपांच्या टोकाचं खडक कापणारं हत्यार) तासाला २०-३० मीटर सहज उतरतं. खरा वेळ खातं ते बिट तळाला नसतानाचं काम.

बिट झिजलं की सगळे पाइप वर काढायचे. तीन पाइपांचा एक स्टँड साधारण २८ मीटरचा, म्हणजे ३ हजार मीटरला १०७ स्टँड. प्रत्येकी ४ मिनिटं धरली तरी वर यायला ७ तास, परत उतरायला ७. इथे घाई चालत नाही. पाइप भराभर ओढले तर पिचकारीच्या दट्ट्यासारखे ते खालचा वायू विहिरीत खेचून घेतात; भराभर सोडले तर मडच्या (विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या जड द्रवाच्या) वाढलेल्या दाबाने खडक फुटतो आणि मड त्यात गडप होतं. शिवाय तीन-चार टप्प्यांवर थांबून केसिंग (भोकाला आतून बसवायचा पोलादी पाइप) उतरवायचं, मागे सिमेंट भरायचं, ते धरेपर्यंत वाट बघायची, ब्लोआउट प्रिव्हेंटर (विहीर उसळली तर तिचं तोंड बंद करणारी झडप) दाब देऊन तपासायचा.

तुमच्या बोअरला कॉम्प्रेसरची हवा भुकटी वर फेकते. तेलविहिरीत वायू उसळू नये म्हणून भोक जड मडने भरलेलं ठेवावं लागतं. तोच भार कापलेला चुरा तळाशी दाबून धरतो. बिट तोच चुरा पुन्हा दळत बसतं आणि वेग पडतो. चिकट मातीच्या थरात तर बिटवर गोळाच बसतो.

वेग मिळाला तरी तो पेलला पाहिजे. साडेसतरा इंची भोक तासाला ३० मीटर गेलं, तर तासाला सुमारे ४.७ घनमीटर खडक वर आणायचा असतो. हा चुरा वर आणायला मड फिरवणारा पंप कमी पडला की चुरा पाइपभोवती साचतो आणि पाइप अडकतो. वेग आपोआप अचानक दुप्पट झाला, तर ड्रिलर खूश होत नाही. तो बिट उचलतो, पंप बंद करतो आणि विहीर स्वतःहून वाहते आहे का ते बघतो. खाली सच्छिद्र, वायूचा थर लागलेला असू शकतो.

प्रश्न : सर्वांत संथ मोठी खोदाई कोणती? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : संथपणाचा विक्रम सांगता येणार नाही, पण रशियातलं कोला इथलं भोक बघा. तेलासाठी नव्हे, संशोधनासाठी ते १९७० मध्ये सुरू झालं आणि १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोहोचलं. सरासरी दिवसाला दोन मीटरही नाही. १९८४ मध्ये पाइप तुटून खाली राहिले, तेव्हा सुमारे ७ हजार मीटरपासून बाजूने नवं भोक पाडावं लागलं. शेवटी तळाचं तापमान १८० अंशांवर गेलं, आणि तिथे खोदाई थांबली.