सोव्हिएत ताब्यातल्या लाटवियात मानवी हक्कांसाठी लढलेलं एक नाव सांगायचं तर कोणाचं घ्याल?

गुनार्स आस्त्रा. एकच नाव हवं असेल तर मी दुसऱ्या कोणाचं घेणार नाही.

थोडी पार्श्वभूमी: १९४० मध्ये सोव्हिएत फौजा लाटवियात घुसल्या, मधली काही वर्षं नाझींनी राज्य केलं, मग पुन्हा सोव्हिएत, ते थेट १९९१ पर्यंत.

आस्त्रांचा जन्म १९३१ चा, रीगामधला. नोकरी तिथल्याच व्हीईएफ या रेडिओ-टेलिफोनच्या कारखान्यात. इंग्रजी येत होतं आणि अमेरिकन लोकांशी ओळख झाली, एवढं केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांना, पुरलं. १९६१ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली १५ वर्षांची शिक्षा झाली. ती रशियातल्या मोर्दोव्हिया आणि पेर्मच्या कैद्यांच्या छावण्यांत त्यांनी पुरती भोगली, एक दिवसही सूट नाही. बाहेर आल्यावर माणूस गप्प बसला असता तर कोणी नावं ठेवली नसती. १९८३ मध्ये ते पुन्हा पकडले गेले. या वेळचा गुन्हा काय, तर बंदी असलेली पुस्तकं जवळ ठेवणं आणि इतरांना देणं! शिक्षा: ७ वर्षं कैद, वर ५ वर्षं हद्दपारी.

त्या खटल्यात, डिसेंबर १९८३ मध्ये, त्यांनी केलेलं शेवटचं भाषण लाटवियात आजही उद्धृत होतं. हा काळ दुःस्वप्नासारखा विरून जाईल असा माझा विश्वास आहे आणि त्याच बळावर मी इथे उभा आहे, असं ते न्यायालयात म्हणाले. दयायाचना नाही.

गोर्बाचेव्हच्या काळात, फेब्रुवारी १९८८ मध्ये ते सुटले आणि ६ एप्रिलला लेनिनग्राडच्या रुग्णालयात वारले. वय ५६.