डिपॉझिट अडकलंय, घरमालक फोनच उचलत नाही

प्रश्न: घर सोडून अडीच महिने झाले, चावी दिली, पण डिपॉझिटचा पत्ता नाही. मालक फोन घेत नाहीत, मेसेज वाचतात पण उत्तर देत नाहीत. आता काय करू?

उत्तर: ताई, आधी फोन करणं थांबवा, कारण फोनचा पुरावा राहत नाही, आता जे काही बोलायचं ते लेखीच. अ‍ॅग्रीमेंट काढून डिपॉझिट परत करायची मुदत आणि कपातीच्या अटी नीट वाचा, मग एक साधं पत्र लिहा, त्यात रक्कम, चावी दिल्याची तारीख, तुमचा बँक खाते नंबर आणि १५ दिवसांची मुदत टाका आणि ते पोचपावती मिळेल अशा पोस्टाने पाठवा, सोबत ईमेलही करा. डिपॉझिट भरल्याची बँक एंट्री, घर सोडतानाचे फोटो, शेवटची वीजबिलं एकत्र ठेवा. मालक रंगाचे पैसे कापतो म्हणाले तर बिल मागा, रोजच्या वापराने भिंत मळते ते नुकसान नव्हे. तरीही गप्पच राहिले तर वकिलाची नोटीस, बऱ्याचदा तिथेच पैसे सुटतात, नाहीतर कोर्टात दावा. आणि हो, धमकीचे मेसेज अजिबात नकोत, ते उलट तुमच्यावरच येतात.