‘फॉरेन टाय-अप’ आहे म्हणतात, फी भरू का?

प्रश्न : मुलीला एका खासगी महाविद्यालयात बीबीए करायचं आहे. ‘परदेशी विद्यापीठाशी टाय-अप आहे, डिग्री तिकडची’ असं सांगतात. फी दुप्पट. भरावी का? (एक पालक, नांदेड)

पैसे भरण्याआधी पदवी-प्रमाणपत्राचा नमुना मागा. माहितीपुस्तिकेतले गुळगुळीत फोटो नकोत, नमुना. त्यावर नाव कुणाचं, सही-शिक्का कुणाचा, हे पाहिलं की निम्मा उलगडा होतो.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांत अशा टाय-अपचे तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच, फक्त 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट (अभ्यास मोजायची एककं) तिकडे जाऊन मिळवायची. जॉइंटमध्ये दोघांचं मिळून एकच प्रमाणपत्र, आणि दोन्हीकडे किमान 30 टक्के शिक्षण. ड्युअलमध्ये दोन वेगळ्या पदव्या, त्यातही इथलं किमान 30 टक्के हवंच. असा करार यूजीसीला न विचारता करायला इथल्या संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान 3.01 गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात जागा, किंवा सरकारने दिलेला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा लागतो. परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवं. यात बसत नसेल तर यूजीसीची परवानगी लागते. ते पत्र दाखवा म्हणा.

अभ्यासक्रम तिकडचा, शिकवणं आणि परीक्षा इथे, कागद कुरियरने, याला फ्रँचायझी म्हणतात आणि ती नियमात बसत नाही. ‘तिकडे जावंच लागत नाही’ हे प्रवेशाच्या टेबलावर सोय म्हणून सांगतात. मी मात्र तिथेच सावध होतो. गुरुग्राममधलं साउदॅम्प्टन किंवा गिफ्ट सिटीतलं डीकिन यांची गोष्ट निराळी, ती त्या विद्यापीठांची स्वतःचीच आवारं आहेत.

प्रश्न : इंग्लंडमधली एमए एका वर्षाची. इथे ती धरतात का? (विद्यार्थिनी, सातारा)

धरतात. जुलै 2022 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला, त्यात एका वर्षाची एमए इथे न धरण्याचा जुना घोळ मिटला. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर त्यात नाहीत, पण तुमचा प्रश्न एमएचा आहे.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात लायगो येणार म्हणून वर्षानुवर्षं ऐकतो. यंत्र अमेरिकेचं, जागा आमची. मग आपण नुसते जागामालकच का? (निवृत्त शिक्षक, वसमत)

गुरुजी, प्रश्न रास्त आहे. पण हिशोब मांडून बघू.

लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारं यंत्र. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ त्याच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात उभ्या राहायच्या आहेत. आतले आरसे, लेसर वगैरे मुख्य भाग अमेरिकेतून येणार. ते तिथल्या हॅनफर्डच्या केंद्रात आणखी एका यंत्रासाठी तयार झाले होते. जमीन, इमारती, हवा काढून घेतलेल्या त्या लांबच लांब नळ्या, यंत्राची जुळणी आणि माणसं आपली. पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र, इंदूरचं आरआरकॅट हे लेसर वगैरेंचं संशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यात आहेत. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने 2600 कोटी रुपये मंजूर केले.

मग अमेरिकेला यात काय मिळतं? तिथे अशी दोन यंत्रं आहेत, पण दोन्ही एकाच देशात असली की गुरुत्वीय लहर आली हे कळतं, पण आकाशात नेमकी कुठून आली ते धड सांगता येत नाही. लहर कुठे आधी पोचली, कुठे क्षणभर उशिरा, यावरून दिशा काढतात. त्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला एक यंत्र हवं. इटलीतल्या व्हर्गो या तशाच यंत्राने काम सोपं झालं, हिंगोलीने आणखी होईल. म्हणजे आपण देतोय ती नुसती जागा नाही, दिशा ठरवायला लागणारं अंतर आहे. शिवाय शांतता. आरशाची प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजायची, तिथे ट्रकची धडधडसुद्धा आड येते.

तक्रार करायचीच तर उशिराची करा. सामंजस्य करार मार्च 2016 चा, आणि पैशाला मंजुरी मिळेतो सात वर्षं गेली.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे तीन परदेशी विद्यापीठांशी एमओयू (सामंजस्य करार) आहेत. सह्या झाल्या, फोटो झाले, पुढे काहीच नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. एकट्याने काय करू? (प्राध्यापक, जळगाव जिल्हा)

असे कागद मीही पाहिलेत. फोटोत शाल-श्रीफळ असतं, करारात ना पैशाचा आकडा असतो ना कुणा माणसाचं नाव.

तुम्ही एमओयूची वाट बघू नका. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिशेस. वर्षातून दोनदा निरीक्षणाचे प्रस्ताव मागवतात, ते जगातून कुठूनही येतात, आणि गुणवत्तेवर वेळ मिळतो. एकदम प्रस्ताव लिहिणं जड वाटत असेल तर आधी आयुकाच्या व्हिजिटिंग असोसिएट योजनेत अर्ज करा. ती महाविद्यालयं-विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठीच आहे. सुट्टीत तिथे जाऊन राहता येतं, काम करता येतं, आणि बाहेरदेशीची माणसं कॅन्टीनमध्ये भेटतात. प्राचार्यांकडून रजेचं आधी लेखी घ्या, तोंडी नको.